येडशी ते तुळजापूर : पायी निघालो, जीपने पोचलो

बालाघाटाच्या कडेकडेने येडशीहून तुळजापूरला पायी जाता येते. सोलापुरात हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना मी सांगितले त्यांतल्या बहुतेकांनी "कशासाठी?" एवढेच विचारले. ज्यांना हा प्रश्न पडत नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. सगळी वाट आम्ही पायी पुरी केलेली नाही हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे फसवले असे कोणी म्हणायला नको.

मी सोलापूरला वजनमाप निरीक्षक आहे. वय सत्तेचाळीस. रोज सकाळी सहा किलोमीटर चालतो, पंचावन्न ते अठ्ठावन्न मिनिटांत. बरोबर आला तो इरण्णा. तो माझा शेजारी आणि शाळेपासूनचा मित्र. त्याचे कापडाचे दुकान आहे, घरी कानडी बोलतात, आणि दुकानातून उठून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे तरी तो सायकल काढतो. तो का आला हे मला नीटसे माहीत नाही. "तू एकटाच डोंगरात बोलणार कुणाशी?" असे म्हणाला आणि पिशवी भरू लागला.

जाण्याचे निमित्त भाच्याच्या जावळाचे. माझी एकुलती एक बहीण सुमन बार्शीला दिली आहे. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगा झाला. त्याचे जावळ तुळजापूरला काढायचे ठरले, रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. पोराला अकरावा महिना चालू होता. हा मुहूर्त चुकला तर त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे केस एकदम तिसऱ्या वर्षीच काढायचे. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसवतात, आणि सुमनला भाऊ मी एकटाच. तिच्या सासूबाईंनी खबरदारी म्हणून मोठ्या सुनेचा भाऊ, दत्तोबा, याला बोलावून ठेवले होते. सुमनने मला कार्ड टाकले : "दादा, दुसऱ्या कोणाच्या मांडीवर मी त्याला बसवणार नाही. तू नसलास तर केस तसेच राहतील."

त्यामुळे सौ.चे म्हणणे रास्त होते. ती म्हणाली, "सगळी माणसं एसटीनं येतात. तुम्हाला एकट्यालाच डोंगरातून का यायचंय?"

मी तिला कागद दाखवला. पंधरा वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, एका कचेरीतल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशावरून मी ही डोंगरकडेची वाट पातळ कागदावर उतरवून घेतली होती. कधीतरी जाऊ म्हणून. दोन दोन गावांमधले अंतर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. सगळ्याची बेरीज पंचेचाळीस. शुक्रवारी बावीस, शनिवारी तेवीस. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तुळजापूर. मुहूर्ताला सतरा तास पन्नास मिनिटे बाकी.

"सतरा तास झोपलात तरी चालेल मग," असे म्हणून सौ. कामाला लागली. ती रविवारी सकाळी एसटीने येणार होती.

शुक्रवार : रामलिंग

गुरुवारी रात्री बार्शीला सुमनकडे मुक्काम केला. भाचा झोपलेला होता. केस कपाळावरून खाली डोळ्यांवर आले होते आणि सुमनने ते काळ्या दोऱ्याने वर बांधले होते. सकाळच्या छोट्या आगगाडीने येडशीला उतरलो आणि साडेनऊला चालायला सुरुवात केली.

रामलिंगचे देऊळ दरीत आहे. वरून पायऱ्या उतरून जावे लागते. जानेवारीतही ओढ्याला घोटाभर पाणी होते आणि दोन्ही बाजूंना सागाची झाडे. सोलापूरच्या माणसाला एवढी सावली एका ठिकाणी पाहायची सवय नाही. मग बूट काढून दर्शनाला गेलो. परत आलो तेव्हा माझे दोन आणि इरण्णाचा एक, असे तीन बूट होते.

चौथा वानराकडे होता. ते फांदीवर बसून बुटाची नाडी शांतपणे चावत होते. इरण्णाने त्याला आधी मराठीत समजावले, मग कानडीत.

"कानडी कळत असेल म्हणून?" मी विचारले.

"शिव्या कळतात की," तो म्हणाला.

शेवटी एक केळे दाखवल्यावर बूट खाली आला. पण नाडी अर्धी गेली होती आणि टाचेकडची शिवण उसवली होती. सुतळीने बांधून आम्ही निघालो. या प्रकारात एक्केचाळीस मिनिटे गेली. वानरांची गोष्ट गमतीची म्हणून सांगितली, पण पुढच्या वाटसरूंनी ती सूचना म्हणूनही घ्यावी. बूट हातात घेऊन आत जावे.

रामलिंग सोडले की वाट डोंगराच्या कडेवर येते. डाव्या हाताला काळ्या जमिनीचे सपाट रान आणि कणसांनी वाकलेली ज्वारी, उजव्या हाताला एकदम उतार. उतारावर वाळलेले गवत, तरवड, सीताफळीची झुडपे. खाली दूर बार्शीकडचा मुलूख धुरकट दिसतो. गावे लहान आणि दूर दूर. वाटेत पाण्याच्या विहिरी चार लागल्या, त्यांतल्या तीनवर पोहरा होता. स्वतःजवळ वीस हात दोरी ठेवावी.

दुपारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने रानातून हाक मारली. हुरडा चालला होता. सोलापुरात आम्ही हुरडा खातो तो शेंगाचटणी आणि दही घेऊन, बैठक घालून, जवळजवळ लग्नासारखा. इथे तसे काही नव्हते. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात शेणी पेटवलेल्या, आरात कणसे खुपसलेली. म्हातारबा कणीस तळहातावर चोळून दाणे समोर टाकत होते, बरोबर गुळाचा खडा आणि एक हिरवी मिरची. आम्ही कोण, कुठले, हे त्यांनी आमचे खाणे झाल्यावर विचारले. आमच्याकडे हे आधी विचारतात.

"तुळजापूरला चालत?" ते म्हणाले. "गाडी चुकली काय?"

"नाही, मुद्दाम."

त्यांनी आणखी दोन कणसे आरात घातली. आम्हाला त्यांची गरज आहे असे त्यांना वाटले असावे.

संध्याकाळी सहाला एका वाडीवर पोचलो. माझ्या कागदाप्रमाणे फक्त चौदा झाले होते. बावीस व्हायला हवे होते. मी दिवसभरात इरण्णाचे थांबे मोजले होते. एकूण सतरा, मिळून दोन तास पंचवीस मिनिटे. शाळेच्या पडवीत पथारी टाकताना मी त्याला हा आकडा सांगितला.

"बिडु की," तो म्हणाला. म्हणजे सोड. "उद्या भरून काढू."

शनिवार : दगडावरचा आकडा

भरून निघाले नाही. इरण्णाच्या उजव्या टाचेला उसवलेल्या शिवणीने फोड आला होता आणि दहापर्यंत तो फुटला. मी रुमाल बांधून दिला, माझे मोजे दिले, आणि प्रत्येक गाव उशिरा आले की घड्याळ दाखवत राहिलो. दोन गावांत तीनचे अंतर म्हणजे माझ्या हिशेबाने चाळीस मिनिटे. लागत होते तास, सव्वा तास.

"तू पाय उचलून टाकत नाहीस," मी त्याला सांगितले. "ओढतोस."

"माझं वजन बघ की. तूच निरीक्षक."

"वजनाचा प्रश्न नाही. शिस्तीचा आहे."

तो पुढे चालू लागला. इरण्णा न बोलता चालू लागला की समजावे, त्याला लागले आहे. पण मी तेव्हा समजलो नाही.

चार वाजता वाट एका कच्च्या रस्त्याला येऊन मिळाली. हा रस्ता माझ्या कागदावर नव्हता, कारण तो बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून तयार केलेला. कडेला एक गृहस्थ पाटीने खड्ड्यात मुरूम भरत होते. हे गंगाराम, त्या रस्त्यावरचे मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारे. दुष्काळात खडी फोडायला आले आणि पुढे कायम झाले. त्यांची झोपडी बाजूलाच होती, दारावर निळ्या रंगाने "जयभीम" लिहिलेले.

"तुळजापूर किती राहिलं?" मी विचारले.

"दगडावर लिवलंय की." त्यांनी पाटीनेच दाखवले. पांढऱ्या दगडावर काळा आकडा होता : ३२.

मी कागद काढला. या जागेपासून तुळजापूर माझ्या अक्षरात वीस होते.

"दगड चुकलाय," मी म्हटले.

गंगारामांनी पाटी खाली ठेवली. "म्या सोता पुरलाय त्यो. टेपानं मोजून. चुकंल कसा?" मग कागदाकडे वाकून म्हणाले, "तुमचा नकाशा कवाचा हाय?"

"पंधरा वर्षांपूर्वीचा."

"मंग मैल असतील की, सायेब. तवा किलोमीटर कुटं हुते."

मी मनात बत्तीसला विसाने भागले. एक पूर्णांक सहा दशांश. एका मैलाचे किलोमीटर होतात तेवढेच. कागदावर कुठेही एकक लिहिलेले नव्हते. लिहायची गरजच नव्हती, कारण तेव्हा सगळे मैलच होते. गेली कित्येक वर्षे मी दुकानदारांना सांगत आलो आहे की एकक नसलेला आकडा म्हणजे नुसत्या रेघोट्या. आणि हा आकडा माझ्याच अक्षरात असल्यामुळे मी तो तपासला नव्हता.

इरण्णा मुरमाच्या ढिगावर बसला होता. त्याने सगळे ऐकले होते.

"म्हणजे आपण किती चाललो?" त्याने विचारले.

"पंचवीस मैल."

"किलोमीटर सांग."

"चाळीस."

"वही काढ. लिही. इरण्णा, दोन दिवसांत, चाळीस किलोमीटर, फुटक्या टाचेनं." मी लिहिले. "आता खाली लिही, पाय ओढत नव्हता." मी तेही लिहिले आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी ठेव. उद्या अकरा वीसला तू कुठं असणार ते सांग."

हिशेब सोपा होता. बत्तीस किलोमीटर, डोंगराळ कच्चा रस्ता, मी एकटा पहाटे साडेपाचला निघालो तरी साडेबारा वाजणार. एसटी त्या रस्त्याने दिवसातून एकदा, दुपारी साडेबारालाच. मला ते काळ्या दोऱ्याने बांधलेले केस दिसू लागले, आणि पाटावर बसलेला दत्तोबा.

"काय हुतंय," गंगाराम म्हणाले. "रस्त्याला कुनीतरी भेटतं. आज हितं ऱ्हावा."

त्यांच्याकडे ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि कांदा असे जेवलो. माडगे म्हणजे पातळ पिठल्यासारखे, त्यात गूळ. माझी आई करत असे, आता आमच्या घरी कोणी करत नाही. इरण्णाने तीन वाट्या घेतल्या. गंगारामांच्या मालकीणबाईंनी त्याच्या टाचेला हळद आणि तेल लावले, आणि मी मुहूर्ताची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मामाबिगर कसं व्हईल?" हा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला.

रविवार : सरकारी हात

सहा वाजता एक बैलगाडी मिळाली. कडब्याने भरलेली. इरण्णा वर बसला, मी बाजूने चालत होतो, कारण बैलांचा वेग ताशी चार किलोमीटर होता आणि गाडीत बसून मुहूर्त चुकवण्यापेक्षा चालत चुकवलेला बरा वाटत होता. सव्वासातला गाडी एका फाट्यावर रानात वळली. पाच किलोमीटर झाले. सत्तावीस राहिले.

तिथे फाट्यावर आम्ही उभे राहिलो. मी रस्त्यावर जाऊन हात करायचे ठरवले. सात बत्तीसला मोटरसायकल आली, तिच्यावर दोन माणसे आणि मध्ये शेळी. मी हात केला. तिने वेग वाढवला. सात अठ्ठावन्नला खडीचा ट्रक आला. मी हात केला, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले आणि असा दामटला की अंगावर धुरळा आला. आठ एकवीसला एक जीप दुरून दिसली. ती तर मला पाहून फाट्याआधीच रानात घुसली आणि वळसा घेऊन पुढे निघाली.

"यप्पा," इरण्णा म्हणाला. "तू हात कसा करतोस ते एकदा मला करून दाखव."

मी दाखवले. उजवा हात खांद्याच्या रेषेत, तळवा समोर.

"हा सरकारी हात आहे. असा हात करून तू हातगाड्या थांबवतोस. वर खाकी पँट, खाकी टोपी, खिशाला वही. ती शेळीसुद्धा घाबरली असेल."

"मग कसा करायचा?"

"तू करूच नको. त्या बाभळीमागं जा."

मला हे पटले नाही. लपून बसणे म्हणजे थांबणाऱ्याला अर्धी माहिती देणे. मी तसे म्हटले.

"टाच खरी आहे ना? फोड खरा आहे ना? मग जा. सुमीचं पोरगं तिथं वाट बघतंय आणि तू इथं कायदा सांगतोयस."

मी बाभळीमागे गेलो. सव्वा तास बसलो. माझ्या नोकरीत असा प्रसंग कधी आला नव्हता. मधल्या वेळात फक्त एक सायकल गेली. नऊ पस्तीसला एक जुनी जीप आली. इरण्णा पिशवीवर टाच ठेवून, तोंड वाईट करून, रस्त्याच्या अगदी कडेला बसला होता. त्याने हात केला नाही, फक्त मान वर केली. जीप थांबली.

"काय झालं वो मालक?" आतून एका बाईंचा आवाज आला.

"टाच गेली, अक्का. आणि तो माझा मित्र," त्याने बाभळीकडे बोट केले. मी बाहेर आलो.

"त्यो झाडामागं काय करतोय?"

"लाजरा आहे," इरण्णा म्हणाला.

या शेवंताबाई. वय साठीच्या आसपास, कपाळावर आडवे कुंकू, मिरचीचा व्यापार. ड्रायव्हर महिबूब त्यांच्याच गावचा. त्या दर रविवारी हमरस्त्यावरच्या फाट्याला भरणाऱ्या बाजाराला जातात. तो फाटा तिथून पंधरा किलोमीटर, आणि फाट्यापासून तुळजापूर बारा. फाट्यापर्यंत सोडते म्हणाल्या. आम्ही मागे मिरच्यांच्या पोत्यांवर बसलो.

मिरचीच्या पोत्यांवर बसून प्रवास करण्याबद्दल एवढेच सांगतो की वारा समोरून हवा. आमचा मागून होता. इरण्णा एकतीस वेळा शिंकला, मी एकोणीस. जीप दुसऱ्या गियरच्या वर जात नव्हती. मी शिंकांमध्ये घड्याळ पाहत होतो, आणि घड्याळ पाहताना खाली एक टोपले दिसले. त्यात तागडी होती आणि पागोट्याच्या चिंधीत बांधलेले तीन गोल दगड. वजनांऐवजी दगड. मी इरण्णाकडे पाहिले. त्यानेही पाहिले होते. त्याने दोन्ही हात जोडून मला खूण केली, गप्प राहा अशी.

दहा अडतीसला फाटा आला. बाजार भरू लागला होता. हमरस्त्यावरून एक एसटी गेली, दाराला माणसे लोंबकळत होती, रविवारची. थांबली नाही. बेचाळीस मिनिटे, बारा किलोमीटर.

शेवंताबाई खाली उतरल्या आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "सायेब दिसता. कुटं नोकरीला?"

इरण्णा खोकू लागला. त्याला वाटले, मी खोकला संपेपर्यंत थांबेन.

"वजनमाप खात्यात," मी म्हटले. "सोलापूरला निरीक्षक आहे."

महिबूबने पोत्याला घातलेला हात मागे घेतला. बाईंनी टोपल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"म्हंजे दगड धरनारे?"

"हो."

"मंग माजे बगितले न्हाय व्हय?"

"पाहिले. तीन आहेत."

"अक्का," इरण्णा मध्ये पडला, "ह्यांची हद्द सोलापूर जिल्हा. हितं ह्यांना कोण विचारतंय?"

"मंग हितं माजे दगड चालत्यात म्हना की."

"चालत नाहीत," मी म्हटले. "मी धरू शकत नाही, एवढंच."

इरण्णाने डोळे मिटून घेतले.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माज्या सासूचे दगड हायेत त्ये. सेर गेले, किलो आले, तवा थोरले दगड घासून सारके केले. एक कन कमी भरला तर ह्या समद्या मिरच्या तुमच्या."

"कमीच भरतात असं मी म्हणत नाही. जास्तही भरत असतील. शिक्का नाही, तर कळणार कसं?"

"जास्त भरत असतील तर?"

"तर इतकी वर्षं तुम्ही लोकांना फुकट मिरची देताय."

हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. त्या टोपल्यातल्या दगडांकडे पाहू लागल्या. तेवढ्यात इरण्णाने सगळे सांगून टाकले : सुमन, अकरा वर्षे, अकरा वीस, तिसरे वर्ष, दत्तोबा. मैलांचेही सांगितले. ते नसते सांगितले तरी चालले असते.

"ह्ये मामा हायत?" बाई म्हणाल्या. "आनि मगापासनं दगडाचं बोलत्यात?" त्या परत पुढच्या सीटवर चढल्या. "महिबूब, चल तुळजापूरला."

"मौसी, बाजार की जगा जाती ना."

"जाऊ दे. पोरगं खोळंबलंय तितं. बसा की वो मामा, का आता सीटबी मोजनार?"

जीप हमरस्त्याला लागली तेव्हा त्यांनी मागे वळून अट घातली : पुढच्या रविवारी मी खरी वजने घेऊन यायचे आणि त्यांचे दगड तोलून दाखवायचे. मी गेलो. किलोचा दगड एक किलो चाळीस ग्रॅम भरला. बाईंना दोन दिवस जेवण गेले नाही म्हणतात. आता त्यांनी शिक्क्याची वजने घेतली आहेत, आणि ते दगड चटणी वाटायला वापरतात.

तुळजापूर

गर्दीतून वाट काढत जीप थांबली तेव्हा अकरा चोवीस झाले होते. इरण्णा म्हणाला, "तू पळ, मी येतो." मी पळालो.

ठरलेल्या धर्मशाळेच्या आवारात सगळी मंडळी गोल बसली होती. मध्ये पाट, पाटावर दत्तोबा, नवे धोतर नेसून, मांडी घालून. मांडी रिकामी होती. न्हावी वस्तरा परजून परजून कंटाळला होता. सासूबाई सुमनला काही तरी सांगत होत्या आणि सुमन पोराला कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभी होती. ती हलत नव्हती. सौ.ने मला आधी पाहिले.

"आले," ती म्हणाली.

गुरुजींनी घड्याळ पाहिले. "अकरा पंचेचाळीसपर्यंत धरता येईल. लवकर बसा."

मी पुढे झालो, आणि गुरुजी शिंकले. मग सासूबाई शिंकल्या. मग दत्तोबा, मग न्हावी, वस्तरा हातात धरून. पोराने माझ्याकडे पाहिले, नाक आक्रसले आणि एक लहानशी शिंक दिली.

"ह्यांच्या अंगाला काय आहे?" न्हावी मागे सरकून म्हणाला. "मिरची? मी नाही वस्तरा लावायचा. हात हलला म्हणजे?"

सौ.ने मला दंडाला धरून आडाकडे नेले. तिने तीन बादल्या पाणी माझ्या डोक्यावर ओतले, एकापाठोपाठ एक, जरा जोरातच. माझे कोरडे कपडे पिशवीत होते आणि पिशवी पोत्यांवर होती, म्हणजे त्यांनाही मिरची लागली होती. मी ओलाच उभा राहिलो. तेवढ्यात दत्तोबा आला. त्याने नवे धोतर सोडून माझ्या हातात दिले आणि स्वतः पंचा गुंडाळला. "दीड तास बसून ठेवलं होतं हो तुमच्यासाठी," तो म्हणाला. "गरम आहे." मी त्याच्याबद्दल वाटेत जे जे मनात आणले होते ते परत घेतले.

अकरा एकोणचाळीसला मी पाटावर बसलो. सुमनने काळा दोरा सोडला, केस डोळ्यांवर आले, आणि तिने पोराला माझ्या मांडीवर ठेवले. तो रडला नाही. माझा अंगठा धरून बसला. न्हाव्याने पाणी लावले आणि पहिली बट कापली. ती आत्याने धरलेल्या फडक्यात पडली.

मी वर पाहिले. सुमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ते पदराने टिपत होती.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. दादाच्या अंगाची मिरची."

मी तीन बादल्या पाण्याने अंघोळ केली होती, अंगावर दत्तोबाचे धोतर होते, आणि माझ्या मांडीवर बसलेले अकराव्या महिन्यातले मूल शिंकत नव्हते. पण मी मान हलवली आणि म्हटले, "हो, फार तिखट आहे."